डोंगरातली एक दिवसाची बाईक सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी निघायचं, दिवसभर डोंगरातल्या रस्त्यांवर फिरायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. बेत साधा वाटतो, पण त्यात वेळ, हवामान, गाडी आणि आपलं अंग या चारही गोष्टी एकाच दिवसात सांभाळाव्या लागतात. अशा फेऱ्या मी बरीच वर्षं करतो आहे. पहिल्यांदा निघणारे जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: जाण्याआधी परतीचा हिशेब करा.

एका दिवसात किती किलोमीटर ठरवावेत?

किलोमीटर बाजूला ठेवा आणि तास मोजा. सपाटीवर तासाला साठ किलोमीटर सहज होतात. डोंगरात वळणं, चढ, समोरून येणारे ट्रक आणि मध्येच उखडलेला रस्ता धरला, तर तीस-पस्तीस झाले तरी पुष्कळ. त्यात थांबेही मिळवा, कारण आपण डोंगर बघायलाच निघालो आहोत. गाडी चालवण्याचे सहा तास माझ्या मते पुरेसे आहेत. म्हणजे येऊन-जाऊन १५० ते २०० किलोमीटर, आणि त्यातले निम्मेच खऱ्या डोंगरातले.

नकाशावरचं अंतर किती फसवं असतं याचा नमुना म्हणजे आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड. तिची उंची २,७५७ मीटर. एका बाजूने चढताना जेमतेम २५ किलोमीटरांत ४८ हेअरपिन वळणं लागतात. प्रत्येक वळणाला ब्रेक, गिअर, नजर आणि पुन्हा ॲक्सिलरेटर. असे २५ किलोमीटर हायवेवरच्या शंभरापेक्षा जास्त दमवतात.

परतीचा हिशेब म्हणजे नक्की काय करायचं?

सूर्यास्ताची वेळ बघा आणि तिथून उलटं मोजत या. समजा सूर्य साडेसहाला मावळतो. शेवटच्या ठिकाणाहून डोंगर उतरून मोठ्या रस्त्याला लागायला दोन तास लागतात. त्यात एक तास राखीव धरा, पंक्चरसाठी, पावसासाठी किंवा नुसत्या थकव्यासाठी. साडेसहामधून तीन तास गेले की उरतात साडेतीन. ही तुमची माघारीची वेळ. साडेतीनला तुम्ही जिथे असाल तिथून गाडी वळवायची, मग पुढचा देखावा दोनच वळणांवर असो.

मी ही वेळ कागदी चिकटपट्टीवर पेनाने लिहून टाकीवर लावतो. घड्याळ नुसती वेळ दाखवतं. ती पट्टी मात्र घरी शांत डोक्याने घेतलेला निर्णय दाखवते आणि वर पोहोचल्यावर त्याचीच गरज पडते.

ही सवय मला एका संध्याकाळीने लावली. वर एक कडा आणखी आठच किलोमीटरवर होता म्हणून मी तासभर उशिरा फिरलो. अर्ध्या उतारावर धुकं आलं. व्हायझर खाली घेतला की आतून वाफ धरे, वर केला की डोळ्यांत दवाचे थेंब. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दोन-तीन मीटरच दिसत होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तिच्यावर नजर ठेवून उतरत राहिलो. खाली आलो तेव्हा क्लचवरची बोटं सरळ होत नव्हती. तो कडा कसा होता, हे आज मला आठवत नाही. ती रेघ मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. पंचांगातला सूर्यास्त क्षितिजावरचा असतो, दरीतला नसतो. डोंगराची धार उंच असली की सूर्य तिच्याआड तासभर आधीही जातो आणि रस्ता एकदम थंड नि काळसर होतो. हात पूर्ण लांब करून धार आणि सूर्य यांच्यामध्ये किती आडवी बोटं मावतात ते बघा. एका बोटाला साधारण दहा-पंधरा मिनिटं. अंदाज ढोबळ आहे, पण कामाला येतो. मोजताना थेट सूर्याकडे बघू नका.

गेलो त्याच वाटेने परत यावं की फेरी मारून दुसऱ्या वाटेने?

पहिल्यांदा जात असाल तर त्याच वाटेने या. खडी कुठे पसरली आहे, पाणी रस्त्यावर कुठे वाहतं, कुठलं वळण पुढे जाऊन आणखी आवळतं, हे सगळं सकाळी बघून झालेलं असतं. आणि उलट दिशेने तोच डोंगर वेगळाच दिसतो. सकाळी पाठीमागे राहिलेली दरी आता समोर असते.

फेरीच मारायची असेल तर अवघड भाग सकाळी उरका आणि सोपा, रुंद रस्ता संध्याकाळसाठी ठेवा. दिशा निवडता येत असेल तर सकाळी पश्चिमेकडे जा आणि दुपारनंतर पूर्वेकडे परता. दोन्ही वेळा ऊन पाठीवर राहतं. उलटं केलंत तर दोन्ही वेळा तिरपं ऊन थेट डोळ्यांत येईल आणि सावलीतल्या वळणावरची खडी दिसणार नाही.

किती वाजता निघावं?

उजाडताच. रस्ते रिकामे असतात आणि कोवळ्या तिरप्या उन्हात डोंगराच्या घड्या उठून दिसतात. अंधारात मात्र निघू नका. पहाटे प्राणी रस्त्यावर असतात.

रस्ता कसा निवडायचा? मॅपवर विसंबून चालतं का?

अर्धवट चालतं. नेव्हिगेशन ॲपला सगळ्यात छोटी वाट आवडते आणि डोंगरात छोटी वाट म्हणजे कधी कधी शेतातली कच्ची पायवाट. म्हणून आदल्या रात्री सॅटेलाइट चित्रावर सगळा रस्ता बोटाने फिरवून बघा. डांबर कुठे संपतं ते दिसतं. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा मिळाला तर उत्तमच. रेषा जिथे दाटीने येतात तिथे चढ उभा असतो, आणि रस्ता जिथे एकाच रेषेला धरून लांबवर जातो तिथे डोंगराच्या कुशीतून जाणारी निवांत वाट मिळते. माझे सगळ्यात सुंदर रस्ते असेच सापडले आहेत. खिंडीपेक्षा ते कमी प्रसिद्ध असतात आणि चालवायला जास्त सुखाचे.

नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण दरीत रेंज जाते. पावसाळ्यात दरड आणि थंडीत बर्फ यांमुळे रस्ते बंद होतात. त्याची चौकशी निघायच्या सकाळी करा, आठवडाभर आधीची बातमी कामाची नाही. डोंगर चढण्याआधीचा शेवटचा पेट्रोल पंप नकाशावर खूण करून ठेवा आणि टाकी तिथे भराच, अर्धी भरलेली असली तरी. चढावर खालच्या गिअरमध्ये गाडी नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल खाते.

निघण्यापूर्वी गाडीचं काय बघायचं?

आधी टायर. हवा गाडी थंड असतानाच तपासा, कारण चालून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. नखाने नक्षीची खोली चाचपा आणि कडांवर चिरा आहेत का ते बघा.

मग ब्रेक. पॅड किती उरले आहेत ते बघाच, पण ब्रेक ऑइल किती जुनं आहे हेही आठवा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा धरल्यावर त्याची हमी १५५ अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हाताला स्पंजासारखा लागतो. शहरात वर्षभर नीट वाटणारा ब्रेक पहिल्या मोठ्या उतारावर असा दगा देऊ शकतो. दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या.

चेनचा ताण, दिवे, हॉर्न आणि क्लच केबल एकदा बघून घ्या. आणि एक कळकळीची विनंती: सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा आणि त्यानंतर घराजवळ पन्नासेक किलोमीटर चालवा. सैल राहिलेला नट घराजवळ कळलेला बरा.

माझी गाडी छोट्या इंजिनची आहे. जमेल का?

जमेल. डोंगरात वेग मुळात कमी असतो आणि हलकी गाडी अरुंद वळणावर वळवायला सोपी. उंचीवर हवा विरळ होते. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच उरतो, त्यामुळे कुठलंही इंजिन तिथे दमतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण स्वतः जुळवून घेते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं आणि ती गुदमरल्यासारखी चालते. घाबरू नका. खालचा गिअर ठेवा आणि घाई करू नका.

लांब उतारावर गाडी कशी उतरवायची?

जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक खऱ्या गरजेसाठी थंड राहतात. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे दिसतात. कृपा करून हे करू नका. इंजिनची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि वळणात गाडी हातात राहत नाही. शिवाय इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोलचा पुरवठा बहुतेक वेळा आपोआप तुटतोच, म्हणजे वाचवायला काही उरतच नाही.

ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सव्वादोनपट होतं. म्हणजे ४० आणि ६० यांत फक्त वीसचा फरक नाही. उतारावर तर हे अंतर आणखी वाढतं.

वळणांची भीती वाटते. काय करू?

भीती वाटते ती बहुधा वेगाची, आणि तो वळणाच्या आधी तुमच्याच हातात असतो. गाडी सरळ असतानाच ब्रेक आणि गिअर उरकून घ्या. आत शिरल्यावर ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेवा. अर्ध्यात दचकून पुढचा ब्रेक दाबणं हेच पडण्याचं मोठं कारण.

नजर जिथे जायचं तिथे ठेवा. गाडी नजरेमागे जाते, हे डोंगरात पावलोपावली पटतं. कठड्याकडे बघत राहिलात तर कठड्याकडेच जाल. हनुवटी वळवून वळणाच्या शेवटाकडे बघा.

रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळतात त्या बिंदूवर लक्ष ठेवा. तो तुमच्यापासून पुढे पळत असेल तर वळण उलगडतं आहे. जागीच थांबला किंवा जवळ येऊ लागला तर वळण आवळतं आहे, वेग आणखी उतरवा. हे एकदा दिसायला लागलं की अनोळखी रस्ताही वाचता येतो.

लेन कधीच ओलांडू नका, रस्ता रिकामा दिसला तरी. लांब गाड्या हेअरपिनवर वळताना दोन्ही लेन व्यापतात. वळणाआधी हॉर्न द्या. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या. बऱ्याच देशांत तसा नियमच आहे, कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचल घेणं जड जातं.

मागे कुणी बसणार असेल तर?

मागच्याला निघण्याआधी तीन गोष्टी सांगा: माझ्याबरोबर झुक, उलट्या बाजूला झुकू नकोस; ब्रेक लागेल तेव्हा हात टाकीवर टेकव किंवा माझी कंबर घट्ट धर; उतरण्या-चढण्याआधी मला सांग. मागचा सस्पेन्शन कडक करा आणि गाडीच्या पुस्तिकेत दोघांसाठी दिलेली हवा भरा. आणि थांबे दुप्पट ठेवा. मागची सीट पुढच्यापेक्षा लवकर टोचते आणि मागचा माणूस संकोचाने बोलत नाही.

कपडे कसे घालावेत? खाली तर उकडतं.

वर उकडणार नाही. दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश उतरतं, आणि त्यावर वारा असतोच. १० अंशांत ६० च्या वेगाने चाललात तर उघड्या कातडीला ते ५ अंशांसारखं लागतं. म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा थर घ्या: आत घाम शोषणारा, मध्ये उबेचा आणि बाहेर वारा अडवणारा. वर चढायला लागण्याआधीच थांबून थर चढवा. थंडी वाजल्यावर घातलेला थर तासभर ऊब देत नाही.

हातमोज्यांवर कंजुषी नको. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. उन्हाकडेही लक्ष द्या. गार वाऱ्यात जाणवत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि मान भाजून निघते.

हेल्मेटबद्दल चर्चा नाही. वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. पट्टा बांधलेला हवा आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच.

पाऊस, धुकं किंवा विजा आल्या तर?

पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात निसरडी, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते. शक्य असेल तर तेवढा वेळ थांबा. ओले पट्टे, लोखंडी झाकणं, डांबराची ठिगळं आणि कुजलेली पानं यांवर गाडी झुकवू नका.

धुक्यात हाय बीम लावला तर उजेड उलटा डोळ्यांवर येतो. लो बीम ठेवा आणि व्हायझर बोटभर उघडा. पुढचं काहीच दिसेना तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला थांबा, डांबराच्या कडेला उभं राहू नका.

विजांचं गांभीर्य बरेच जण ओळखत नाहीत. दुपारी ऊन तापलं की दरीतली हवा उतारावरून वर चढते आणि ढग बांधले जातात, त्यामुळे डोंगरात गडगडाट बहुधा दुपारनंतर होतो. वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार आणि उघडं पठार सोडून खाली उतरा, पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत आसरा घ्या. एकट्या झाडाखाली थांबू नका. मोटारीचा पत्रा आतल्यांना वाचवतो, बाईकवर तसं काहीच संरक्षण नसतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

एकट्याने जावं की गटाने?

दोन्हींत मजा आहे. मला चौघांपर्यंतचा गट आवडतो, त्याहून मोठा गट स्वतःच्याच ओझ्याने थांबत-थांबत जातो. सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा, म्हणजे पुढचा त्याच्या वेगाने जाईल. प्रत्येकाने आरशात मागची गाडी बघत राहायचं आणि फाट्यावर ती दिसेपर्यंत थांबायचं. वळणांवर एका ओळीत, भरपूर अंतर ठेवून.

एकटे जात असाल तर रस्ता, माघारीची वेळ आणि घरी पोहोचण्याची वेळ कुणाला तरी लिहून पाठवा, नुसतं तोंडी सांगू नका. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत चालतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून तो बहुधा लागतो.

खाण्यापिण्याचं काय?

थोडं-थोडं खा, पाणी तहान लागण्याआधी प्या. दुपारचं भरपेट जेवण आणि मग ऊन, यात डोळे जड होतात. जांभया सुरू झाल्या तर वीस मिनिटं आडवे व्हा. ती वीस मिनिटं राखीव तासात धरलेलीच आहेत.

उंचीचा त्रास होईल का?

२,५०० मीटरच्या खाली सहसा नाही. त्याच्या वर डोकं दुखलं, मळमळलं, तर फोटो राहू द्या आणि खाली या. उतरणं हाच उपाय आहे.

देखावा दिसला की कुठे थांबावं?

वळणावर कधीच नाही, वळणाच्या लगेच पुढेही नाही. दोन्हीकडून लांबवर दिसाल अशा सरळ भागात, डांबराच्या पूर्ण बाहेर. गाडी पहिल्या गिअरमध्ये, तोंड चढाकडे करून लावा, म्हणजे ती साइड स्टँडवरून पुढे घसरत नाही. माती मऊ असेल तर स्टँडखाली तळहाताएवढा चपटा दगड सरकवा. गाडी लगेच पडत नाही. तुम्ही पाठ फिरवून दरी बघत असता तेव्हा स्टँड इंच-इंच रुतत जातो.

थांबलात की इंजिन बंद करा आणि हेल्मेट काढा. पहिली दोन मिनिटं फोन खिशातच राहू द्या. कानातला वाऱ्याचा आवाज ओसरायला तेवढा वेळ लागतो आणि मग खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू येतं.

वाटेत पंक्चर झालं तर?

ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचं किट आणि छोटा हवेचा पंप घ्या आणि घरी एकदा जुन्या टायरवर हात बसवून घ्या. ट्यूबचा टायर असेल तर चाक काढण्याची हत्यारं आणि सराव दोन्ही लागतात. नसतील तर मदत मागवा. जोडीला एक टॉर्च, चिकटपट्टी, थोडी तार, क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर आणि प्रथमोपचाराची पिशवी. एवढं सीटखाली किंवा पाठीवर सहज मावतं.

घरी पोहोचल्यावर काही करायचं असतं का?

ज्यांना वेळ कळवली होती त्यांना आधी पोहोचल्याचा निरोप द्या. मग चेन अजून कोमट आहे तोवर पुसून तेल लावा, कोमट चेनमध्ये ते सांध्यांत नीट उतरतं. टायरवरून सावकाश तळहात फिरवा. रुतलेली खडी किंवा खिळा हाताला लागतो. आणि टाकीवरची पट्टी फेकण्याआधी तिच्यावर खरोखर किती वाजता फिरलात आणि किती वाजता पोहोचलात ते लिहा, तिचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी उलटं मोजायला बसाल तेव्हा हेच आकडे कामाला येतात.